दिल्लीला गेलेली हलगी

व्यंकटी शाळेत शिपाई होता. चाकूरच्या एका हायस्कुलात घंटा द्यायची, मास्तरांचा चहा आणायचा आणि पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं की बाकं या भिंतीकडून त्या भिंतीकडं सरकवायची, एवढं त्याचं काम. ब्याऐंशी साली छप्पर तसंच होतं, पण बाकं सरकवायची पाळी आली नाही. मृगात चार शिंतोडे पडले आणि मग आभाळ जे कोरडं झालं ते झालं. ज्वारी गुडघ्याएवढी वाढून करपली. त्याच ऑगस्टात सरकारनं उस्मानाबादेतून लातूर वेगळं काढलं आणि त्याचा जिल्हा केला. लोक म्हणाले, "पाणी न्हाई तर न्हाई, जिल्हा तर दिला!" आपल्याकडच्या माणसाला अशी थट्टा करायची सवयच आहे. दुसरं करण्यासारखं त्याच्या हाती फारसं नसतं.

व्यंकटीचं गाव खैरवाडी, चाकूरपासून सहा कोस. शनिवारी दुपारी शाळा सुटली की सायकलीनं गावी जायचं आणि सोमवारी पहाटे परत यायचं. गावात बायको पंचफुला, दोन लेकरं आणि म्हातारा बाप ग्यानोबा. आई मागंच गेलेली. गोष्ट व्यंकटीची असली तरी ग्यानोबाचं आधी सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं काहीच कळायचं नाही.

निजामाच्या काळापासून खैरवाडीची हलगी ग्यानोबाच्या घरात होती. कुणाचं लग्न असो, कुणाची मयत असो, मरीआईचा गाडा असो की तहसीलचा हुकूम असो, ग्यानोबानं खांद्यावर घोंगडी टाकायची, हातात घुंगराची काठी घ्यायची, गळ्यात हलगी अडकवायची आणि गावभर वाजवत फिरायचं. संध्याकाळी दारोदार जाऊन शिळ्या भाकरीचे तुकडे मागायचे. गाव याला मान म्हणायचं. "ग्यानोबा, हलगीचा मान तुझा हाय बरं का!" मान असा, की देणाऱ्यानं उंबऱ्याच्या आतून टाकायचा आणि घेणाऱ्यानं अंगणात वाकून झेलायचा.

छप्पन साली ग्यानोबा नागपूरला गेला आणि धम्माची दीक्षा घेऊन परत आला. आल्या दिवशी त्यानं सगळ्या वस्तीसमोर हलगी, घोंगडी आणि काठी, तिन्ही जाळली. मग गाव पेटलं. पाच महिने वस्ती वाळीत. दुकान बंद, दळण बंद, आडाचं पाणी बंद. त्यातच व्यंकटीच्या धाकट्या बहिणीला गोवर निघाला, आणि तिला दवाखान्यात न्यायला गावातून कुणी बैलगाडी दिली नाही. ग्यानोबानं पोर मातीत ठेवली, पण हलगी हातात घेतली नाही. शेवटी गाव थकलं. पुढं सव्वीस वर्षं खैरवाडीत वाजंत्री परगावाहून यायचे. वस्तीतलं कुणी शाळेत गेलं, कुणी नोकरीला लागलं, की बायका म्हणायच्या, "ग्यानोबामामानं हलगी जाळली म्हणून हे दिवस दिसले."

व्यंकटी तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याआधी तीन-चार वर्षं तो बापाजवळ बसून वाजवायला शिकलेला. कडबा पेटवून कातडं शेकायचं, गालाला लावून किती तापलं ते पाहायचं, उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक काडी. हलगी जळाली, पण हातात बसलेलं कसं जाळणार?

शाळेत शेषेराव सर म्हणून ड्रिल मास्तर होते. माणूस दिलदार, पण एकदा डोक्यात काही घेतलं की ऐकायचा नाही. नव्या जिल्ह्याच्या समारंभात आपल्या शाळेच्या बत्तीस मुलींचं लेझीम झालंच पाहिजे असं त्यांनी घेतलं, आणि नेमका हलगी वाजवणारा आजारी पडला. सर डोक्याला हात लावून बसले. त्यांच्यापुढं चहा ठेवता ठेवता व्यंकटीनं कपाटातली हलगी उचलली आणि चार ठेके वाजवून दाखवले. शाळेचा शिपाई शाळेचं सामान वाजवतोय, गाव सहा कोसांवर आहे, यात कुणाचं काय जातं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. मनाला समजावणं सोपं असतं, ते उलट विचारत नाही.

समारंभ झाला, मुली झकास नाचल्या. त्या वर्षी थंडीत दिल्लीला परदेशी खेळाडूंचे मोठे खेळ व्हायचे होते. खेळ सुरू होताना आणि संपताना मैदानात देशभरातली लोकनृत्यं दाखवणार होते. नवा जिल्हा, नवा साहेब. त्याला आपल्या जिल्ह्याचं नाव दिल्लीच्या यादीत हवं होतं. पंधरा दिवसांत कागद आला. बत्तीस मुली, शेषेराव सर आणि हलगीवादक व्यंकटी ग्यानोबा.

व्यंकटीला आनंद झाला. तो लपवायचं काही कारण नाही. छत्तीस वर्षांत त्याला कुणी कशासाठी निवडलं नव्हतं. कागद चार वेळा वाचून त्यानं खिशात ठेवला आणि त्या शनिवारी सायकल एवढी पळवली की वाटेत चेन दोनदा पडली. पण घर जवळ आलं तसा पायातला जोर कमी झाला. बापाला सांगायचं कसं?

ग्यानोबा ओट्यावर बसून दोरी वळत होता.

"आबा, मला दिल्लीला नेऊन राहिलेत."

"कशापायी?"

"खेळ हायेत. जगातले लोक येणार. आमच्या शाळेचं लेझीम हाय."

"अन् तू काय करणार तिथं? घंटा देणार?"

व्यंकटीनं मान खाली घातली. "हलगी वाजवणार."

दोरी थांबली.

"कुणी सांगितलं वाजवायला?"

"सरकारनं. ही गावकी न्हाई, आबा. देशाचं काम हाय. मान हाय त्यात."

"मान," ग्यानोबा म्हणाला. "हा शब्द मी लई ऐकलो."

"गावच्या शिवंत तिचा आवाज येणार न्हाई. शब्द देतो तुम्हाला. तिथून आलो की हलगी शाळेच्या कपाटात."

"आवाज न्हाई येणार रे. पण गावाचे कान लई लांब असतेत." ग्यानोबानं पुन्हा दोरी हातात घेतली. "जा. तू मोठा झालास. तुला दावं बांधून ठिवता येत न्हाई मला."

पंचफुलानं आतून सगळं ऐकलं होतं. तिनं लोखंडी पेटीतलं स्वेटर काढून उन्हात टाकलं.

दिल्लीत दीड महिना सराव चालला. हजारो माणसं मैदानात पांढऱ्या रेघांवर उभी करायची, शिट्टी वाजली की चालवायची, दुसरी वाजली की थांबवायची. मुलींच्या टाचांना भेगा पडल्या, पण एकीनं तक्रार केली नाही. व्यंकटी सकाळी सगळ्यांच्या आधी उठे. थंडीनं हलगीचं कातडं ओल्या कपड्यासारखं सैल पडे. त्यानं खुणा करकरून जाळासाठी थोडं गवत मागितलं. तिथल्या माणसांना कळेना याला कशाला शेकोटी हवी. शेवटी एकानं सांगितलं, "आवाज की चिंता मत करो, भाई. सब टेप पर है।" कुठल्या तरी बंद खोलीत कुणा तरी वाजवणाऱ्याकडून सगळं आधीच भरून घेतलं होतं. व्यंकटीनं नुसते हात हलवायचे, टिपरू कातड्याला लागायच्या आत थांबवायचं. बापाशी एवढं बोलून जी हलगी आणली, ती दिल्लीतही वाजणार नव्हती.

हे एक. दुसरं त्याहून वाईट. आठ दिवस राहिले असताना पोशाख वाटणारी एक बाई आली. हातात याद्या, डोळ्यांवर चष्मा, कामाची हुशार. तिनं म्हणे जुनी पुस्तकं चाळून सगळं अस्सल शोधून काढलं होतं. मुलींना तिनं नऊवारी दिली. व्यंकटीपुढं तिनं काळी घोंगडी आणि घुंगराची काठी ठेवली, आणि कौतुकानं म्हणाली, "एकदम असली है।"

ज्या काठीची राख व्यंकटीनं डोळ्यांनी पाहिली होती ती दिल्लीत नवी कोरी होऊन त्याच्यापुढं आली होती. तो धावत शेषेरावांकडं गेला.

"सर, हे नगं. मला फेटा द्या, धोतर द्या, काहीबी द्या."

"अरे व्यंकटी, नाटकात राक्षस होणारा माणूस राक्षस असतो का?" सर म्हणाले. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आता तकरार केली तर अख्खं पथक परत पाठवतील. दीड महिना पोरी उन्हात नाचायल्यात. त्यांना काय सांगू मी?"

सर खोटं बोलत नव्हते. व्यंकटीनं विचार केला, या एवढ्या हजारांत आपण एक. मुंग्यांच्या रांगेत कोणती मुंगी कुणाची हे कोण बघतं? आणि खैरवाडीचं इथं आहेच कोण? त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली आणि काठी काखेत धरली. चूक झाली ती इथं.

उद्घाटनाच्या दिवशी मैदान माणसांनी काठोकाठ भरलं होतं. एकेक देश आपला झेंडा घेऊन चालत गेला. बिगुल वाजले, मशाल आली, कबुतरं उडाली. मग लोकनृत्यांची पाळी. चार मिनिटं व्यंकटी त्या हिरवळीवर उभा होता. भोंग्यातून कुणा दुसऱ्याची हलगी एवढ्या जोरात घुमत होती की पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटत होती, आणि त्याचे हात हवेत मुके चालत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी तरी गुडघ्यावर बसून त्याचा फोटो काढला. त्यानं ते पाहिलं, पण ओळ मोडायची नव्हती.

समारोपाला पुन्हा तोच पोशाख. त्या वेळी खेळाडू देशादेशांच्या ओळी मोडून एकमेकांत मिसळले, गळ्यात पडले, मशाल विझली तेव्हा कितीजणांच्या डोळ्यांत पाणी आलं. व्यंकटीही रडला. सोहळा म्हणून रडलो की लाज म्हणून, हे त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. बाई म्हणाली, घोंगडी आठवण म्हणून ठेव. त्यानं ती नीट घडी घालून तिच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर पडला.

डिसेंबरात तो गावी आला तर वेशीपाशी माणसं उभी. पुढं बापूसाहेब. खैरवाडीत पान हलायचं तर बापूसाहेबांना विचारून. त्यांनी स्वतःच्या हातानं व्यंकटीच्या गळ्यात हार घातला आणि त्याला चावडीवर नेलं. वस्तीतल्या माणसाला त्या चावडीवर खुर्ची मिळाली ती पहिलीच. समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्रातला फोटो काच लावून टांगला होता. खांद्यावर घोंगडी, काखेत घुंगराची काठी, गळ्यात हलगी. खाली छापलं होतं, 'लातूर या नव्या जिल्ह्यातील खैरवाडीचे परंपरागत हलगीवादक.'

"आपल्या गावची परंपरा आज जगानं पाहिली," बापूसाहेब म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

घरी ग्यानोबा अंधारात बसला होता. तो चावडीवर आला नव्हता, पण फोटो त्यानं आधीच पाहिला होता.

"आबा, मी वाजवलो न्हाई," व्यंकटी म्हणाला. "टेप होता. मी नुसते हात हलवलो. शपथ घेतो, एक ठोका वाजला न्हाई."

"काठीला घुंगरं होती?"

"हाव."

"ती बी टेपवर होती?"

घुंगरं खरी होती, आणि माणूस हलला की ती वाजतातच.

फाल्गुनात गावातले आड कोरडे पडले आणि टँकर सुरू झाला. टँकर एक दिवस सकाळी, एक दिवस दुपारी, आला की तासाभरात रिकामा. माणसं खडी फोडायच्या कामावर, कुणाला कळायचं कसं? बापूसाहेबांनी रविवारी व्यंकटीला बोलावून घेतलं.

"टँकर आला की हलगी वाजवायची. हलगी ऐकली की माणसं येतील. सरळ काम हाय."

"मी चाकूरला असतो, बापूसाहेब."

"मग वस्तीतलं दुसरं कुणी. तू शिकव. आता तर काय, दिल्लीपर्यंत नाव झालं."

"आमी ते सोडलंय. सव्वीस वर्षं झाली."

"सोडलंय?" बापूसाहेबांनी भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. आवाज चढवला नाही. त्यांना चढवावा लागत नसे. "दिल्लीत चालतंय, गावात चालत न्हाई? का दिल्लीवाल्यांना इज्जत हाय अन् गावाला न्हाई? मान आमी देऊन राहिलो, तुला घ्यायचा न्हाई."

व्यंकटी नाही म्हणाला. ताठ मानेनं म्हणाला, ते मात्र त्याच्या नावावर लिहून ठेवलं पाहिजे. पण घोंगडी खोटी, आवाज दुसऱ्याचा, हात रिकामे, हे सगळं चावडीला सांगायचं कसं, आणि सांगून पटायचं कुणाला? मंगळवारपासून टँकर वस्तीच्या विहिरीकडं यायचा बंद झाला. ड्रायव्हरला म्हणे वाट खराब लागली.

वस्तीतल्या बायका दोन कोसांवर रेणा नदीच्या पात्रात झरे उकरायला जाऊ लागल्या. पंचफुलाच्या डोक्यावरचे केस घागरीनं झिजले. कुणी व्यंकटीला तोंडावर काही बोललं नाही. पण आठवड्याला तो आला की पारावरची बोलणी थांबायची, आणि एका म्हातारीनं त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "बापानं मिळवलं, पोरगा दिल्लीत टाकून आला." लातूरच्या एका कचेरीत त्यानं अर्ज नेऊन दिला. कारकुनानं अर्ज वाचायच्या आधी त्याचं तोंड पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "अरे, तुम्ही ते फोटोतले हलगीवाले ना?" त्यानं चहा पाजला. अर्जाचं पुढं काय झालं ते कळलं नाही. जुने कागद उस्मानाबादेत, नवे लातुरात, मधल्या वाटेवर बरंच काही पडून होतं.

पुढच्या शनिवारी व्यंकटी ओढ्यापाशी आला आणि त्याला हलगी ऐकू आली. आधी वाटलं परगावचा वाजंत्री असेल. पण डाव्या काडीची ती जराशी मागं राहणारी थाप तालुक्यात एकाच माणसाची होती. सायकल तिथंच टाकून तो पळत सुटला.

चावडीसमोर ग्यानोबा उभा होता. अंगात धुतलेला पांढरा सदरा, गळ्यात परगावाहून आणलेली हलगी. घोंगडी घेणार नाही आणि काठी धरणार नाही, एवढं त्यानं बापूसाहेबांकडून कबूल करून घेतलं होतं. बाहत्तर वर्षांचा म्हातारा, पण हात असा की लोक खडीच्या कामावरून आले ते घागरी विसरून ऐकत राहिले. "वा ग्यानोबा! हात जरा बी ढळला न्हाई!" कुणी तरी ओरडलं. तिकडं वस्तीच्या विहिरीत टँकरचा पाइप सोडला होता.

"आबा, द्या इकडं. मी वाजवतो."

"तू वाजवलास तर तुझ्यामागं तुझं लेकरू वाजवंल," ग्यानोबा म्हणाला. तो हसला नाही की रागावलाही नाही. "माझं काय, मी आज हाय, उद्या न्हाई. माझ्याबरूबर हे संपून जाईल. सर बाजूला."

अडीच महिने त्यानं वाजवली. शाळेला सुट्टी लागली तेव्हा व्यंकटी रोज त्याच्यामागून तांब्या घेऊन हिंडला. रोज हलगी मागितली, रोज नकार मिळाला. वैशाखातल्या एका दुपारी वेशीपासून वस्तीपर्यंतचा फेरा करून ग्यानोबा चावडीपुढच्या लिंबाखाली टेकला, हलगी गळ्यातून काढून बाजूला ठेवली आणि पुन्हा उठला नाही. उन्हानं मेला असं गाव म्हणालं. व्यंकटीला ठाऊक होतं कशानं मेला. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, कारण सांगताना आपलं नाव घ्यावं लागलं असतं.

रातोरात पाहुणे आले. रेणापूरचे, अहमदपूरचे, मुदखेडहून मावसभाऊ. मातीला बापूसाहेबसुद्धा आले आणि हात जोडून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पन्नास माणसं बसली होती आणि पंचफुला व्यंकटीला आत बोलावून म्हणाली, "घरात एक घागर पाणी हाय. हिरीत काल दुपारीच गाळ लागला."

तो बाहेर आला तर काल लिंबाखाली राहिलेली हलगी कुणी तरी आणून दाराच्या खुंटीला टांगलेली. बापूसाहेबांचा गडी उंबऱ्याखाली उभा होता. तो अदबीनं बोलला, आवाजात जराही मस्ती नव्हती.

"टँकर दहाला येतंय म्हणून निरोप हाय. बापूसाहेब म्हणले, दुःखाचं घर हाय, लई घाई करू नगा. थोडा उशीर झाला तरी चालंल."

अंगणातल्या पन्नास माणसांनी ते ऐकलं. कुणी वर पाहिलं नाही. व्यंकटीनं आत भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. साडेनऊ वाजले होते. तो खुंटीपाशी गेला आणि त्यानं हलगीला हात लावला.

"नगा जाऊ," पंचफुला म्हणाली. पण तिनं घागरी उचलल्या होत्या.